भिंत चितारून घेण्याआधी

चौकटीतले चित्र नाही आवडले तर खिळ्यावरून उतरवून माळ्यावर टाकता येते. भिंतीवरच्या चित्राचे तसे नाही. ते घरात राहायलाच येते. म्हणून भिंत चितारून घ्यायची ठरवलीत, तर आधी भिंतीकडे पाहा, चित्रकाराकडे नंतर.

पहिला शत्रू ओल. नव्या गिलाव्यातले पाणी निघून जायला निदान महिना लागतो. कोकणात तर एक पावसाळा जाऊ द्यावा, असे मी म्हणेन. घाई केली की आतले क्षार पाण्याबरोबर वर येतात, भिंतीला लोणा लागतो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. भिंतीला आधी ऑइलपेंट दिलेला असेल तर तो घासून खरबरीत करा किंवा खरवडून काढा. त्या गुळगुळीत अंगावर अ‍ॅक्रिलिक रंग धरत नाही. न्हाणीघराला लागून असलेली भिंत तर निवडूच नका.

जुन्या कारागिरांना हे ठाऊक होते. अजिंठ्याला मातीत भाताचे तूस आणि गवताचे तंतू मिसळून गिलावा केला, वर चुन्याचा पातळ थर दिला आणि तो सुकल्यावर रंगवले. गोव्याच्या कावी कलेत उलटे. तिथे ओल्या चुन्यावर तांबड्या मातीचा थर देऊन तो कोरतात, म्हणजे खालचा पांढरा चुना नक्षी होऊन उमटतो. रंग गिलाव्यातच असल्यामुळे तो पावसाला दाद देत नाही.

आता चित्र कशाचे? ते घरातल्या सगळ्यांना विचारून ठरवावे. आमच्याकडे नमाजाच्या खोलीत सजीवांची चित्रे नकोत, म्हणून तिथे वेलबुट्टीच येणार. बैठकीच्या खोलीत मात्र मोर चालेल की नाही, यावर दोन पिढ्यांचे अजून एकमत नाही. हॉटेलवाल्यांना हल्ली वारली चित्र हवे असते. जरूर घ्या, पण पालघर-डहाणूकडच्या वारली चित्रकारांकडूनच काढून घ्या. ही कला मुळात सुवासिनींची. लग्नघरातल्या गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने त्या चौक लिहीत. जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकात ती कागदावर आणि जगापुढे नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. नाच, शेती, मासेमारी हे विषय मागा. पालघाट देवीचा लग्नचौक गल्ल्यामागे सजावट म्हणून मागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दर चौरस फुटावर ठरवतात. त्यात रंग कुणाचे, परांची कुणाची, जेवणखाण आणि राहणे कुणाचे, हे आधीच लिहून घ्या. कच्चे रेखाटन पाहून बदल सांगा आणि त्याचेही पैसे द्या. रेखाटन फुकट मागणे म्हणजे कवीला नुसते ‘म्हणून दाखवा’ म्हणण्यासारखे. निम्मी रक्कम इसार म्हणून द्या, त्याला रंग विकत घ्यायचे असतात.

कागदावर आणखी एक गोष्ट हवी. भारतीय कायद्याप्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट वेगळा करार नसेल तर काढून घेणाऱ्याचा होतो. पण कर्ता म्हणून नाव सांगण्याचा आणि विद्रूप केल्यास दाद मागण्याचा हक्क कलावंताकडेच राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सहगल यांचे कांस्याचे भव्य भित्तिशिल्प होते. १९७९ मध्ये सरकारने ते उखडून कोठारात टाकले. शिल्पकार न्यायालयात गेले आणि २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष व ५ लाख रुपये त्यांना द्यायला लावले. तेव्हा पुढे भिंत पाडायची झाली तर चित्रकाराला आधी कळवावे, फोटो काढू द्यावेत, एवढे एक वाक्य करारात घाला.

काम संपले की कोपऱ्यात सही करायला सांगा. उरलेले रंग झाकणबंद बाटल्यांत, नावे लिहून ठेवून घ्या. दोन वर्षांनी कुणाच्या तरी क्रिकेटच्या चेंडूचा डाग पडतोच, आणि तेव्हा तोच हिरवा पुन्हा कालवताना चित्रकाराचाही घाम निघतो.