समुद्रातल्या बेटावर गोडे पाणी

विरारच्या पश्चिमेला आगाशीवरून पुढे गेले की अर्नाळ्याचा किनारा लागतो. तेथून होडीने वैतरणेच्या मुखाजवळच्या लहानशा बेटावर जाता येते. बेटावर जलदुर्ग आहे आणि मच्छीमारांची वस्ती. १७३७ मध्ये मराठ्यांनी हा किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला. किल्ल्यात अष्टकोनी तळे आहे, गोड्या पाण्याच्या विहिरीही आहेत. चहूकडे समुद्र असताना विहिरीला गोडे पाणी कसे?

‘वाळू मीठ गाळून घेते’ असे उत्तर विद्यार्थी हमखास देतात. ते बरोबर नाही. विरघळलेले मीठ वाळूत अडकत नाही. हे पाणी पावसाचेच असते. ते वाळूत मुरते आणि खाऱ्या पाण्यावर तरंगते. गोड्या पाण्याची घनता १ धरली तर समुद्राच्या पाण्याची सुमारे १.०२५ भरते. या फरकामुळे समुद्रपातळीच्या वर १ मीटर गोडे पाणी साठले, तर पातळीखाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी राहू शकते. बेटाच्या पोटात अशा पाण्याचे जणू भिंगच तयार होते. डच अभियंता घायबेन आणि जर्मनीचा हर्झबर्ग यांनी हा नियम स्वतंत्रपणे मांडला. हर्झबर्गची निरीक्षणे जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरील बेटांवरची होती. अर्थात, वाळूचा थर उथळ असून खाली कातळ असेल, तर भिंग एवढे खोल जात नाही.

हाच हिशेब उलटाही चालतो. उपशामुळे गोड्या पाण्याची पातळी १० सेंटिमीटर कायमची खाली गेली, तर खाऱ्या पाण्याची सीमा कालांतराने ४ मीटर वर सरकते. शिवाय जोराच्या पंपाखाली खारे पाणी शंकूसारखे वर चढते.

वर्गात करून पाहा. काचेच्या पेल्यात रंगीत मिठाचे पाणी घ्या. त्यावर चमच्याच्या पाठीवरून साधे पाणी हळूहळू सोडा. सुई नसलेल्या सिरिंजचे टोक सीमेच्या किंचित वर धरून आधी सावकाश आणि मग जोरात ओढा. रंगीत पाणी केव्हा वर चढते?

अर्नाळ्याच्या बेटावर किनाऱ्याची धूप होऊन घरांचे नुकसान झाले आहे. बेट अरुंद झाले की भिंगही पातळ होते. म्हणून तेथील विहिरीच्या पाण्याची चव दर महिन्याला नोंदवणे हा शाळेसाठी उपयुक्त उपक्रम ठरेल.