‘क्लायंटनं सांगितलं’ हे उत्तर नाही, बॉस!

शनिवारची सकाळ. खराडीत ईऑन आयटी पार्कजवळचा एक कॅफे. माझ्या मैत्रिणीनं खिडकीजवळचं टेबल नऊ वाजल्यापासून अडवून ठेवलंय. समोर लॅपटॉप, थंड झालेली कॉफी आणि रंगीत चिठ्ठ्यांनी फुगलेली वही. सर्व्हिस कंपनीत आठ वर्षं काढल्यावर मॅडमना आता प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचंय. तीन इंटरव्ह्यू झाले, तिन्हीकडे नकार! इकडे फ्लॅटचा हप्ता सुरू, तिकडे प्रोजेक्ट संपत आलेला. बेंचवर बसावं लागेल या धास्तीनं झोप उडालीय.

‘‘अगं, सगळी फ्रेमवर्क्स तोंडपाठ आहेत. तरी कुठे माशी शिंकते तेच कळत नाही,’’ ती वैतागून म्हणाली. म्हटलं, चल, मीच घेते तुझा इंटरव्ह्यू. पहिला प्रश्न टाकला, ‘‘तुमच्या ॲपमध्ये ते नवं रिपोर्टचं फीचर का आणलंत?’’

‘‘क्लायंटनं सांगितलं म्हणून.’’

दोघीही गप्प. माशी सापडली होती!

साबणापासून सॉफ्टवेअरपर्यंत

दोघंही ‘पीएम’, त्यामुळे गल्लत होते. प्रोजेक्ट मॅनेजर ‘कधी आणि किती खर्चात’ हे सांभाळतो. प्रॉडक्ट मॅनेजरला ‘कुणासाठी आणि कशाला’ याचं उत्तर द्यावं लागतं. गंमत म्हणजे या कामाचं मूळ चक्क साबणाच्या धंद्यात सांगितलं जातं. १९३१मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत कॅमे साबणाचं काम पाहणाऱ्या नील मॅकेलरॉयनं एक मेमो लिहिला. प्रत्येक ब्रँडची पूर्ण जबाबदारी घेणारी माणसं नेमा, असं त्यात सुचवलं होतं. पुढे ही कल्पना सॉफ्टवेअरमध्ये आली.

आपल्याकडे अनेकांचं करिअर सर्व्हिस कंपन्यांमध्ये घडलं. तिथे ‘रिक्वायरमेंट’ समोरून येते, आपण ती चोख पूर्ण करतो. ही शिस्त मोलाचीच. पण या इंटरव्ह्यूत तीच आडवी येते.

प्रश्न असतात तरी कसले?

कंपनीगणिक फेऱ्या बदलतात, पण साधारण चार प्रकार ठरलेले.

पहिला, प्रॉडक्ट सेन्स. ‘अमुक ॲप सुधारा’ म्हटलं की लगेच फीचर्सची यादी सुरू करू नका. आधी वापरणारा माणूस पकडा. आपल्या मातीतलं उदाहरण हवंय? सचिन टेके यांनी २०१०मध्ये आणलेलं एम-इंडिकेटर घ्या. मुंबईच्या लोकलचं वेळापत्रक इंटरनेट नसतानाही मोबाइलवर दिसायचं. खच्चून भरलेल्या डब्यात, एका हातानं दांडी धरून उभ्या असलेल्या माणसाची अडचण त्यात ओळखली होती. चकाचक दिसणं हा मुद्दा नंतरचा.

दुसरा, अंदाजाची गणितं. ‘आयटी पार्कच्या गेटबाहेर रोज किती कप चहा विकला जातो?’ घाबरू नका, गृहीतकं मोठ्यानं मांडा. समजा, २० हजार माणसं येतात. त्यातले ४० टक्के, म्हणजे ८ हजार चहाला खाली उतरतात. निम्मे दोनदा पितात. झाले १२ हजार कप! आता हे पटतंय का, ते तपासा. एक टपरी मिनिटाला ४ कप देत असेल, तर ८ तासांत १,९२० कप. म्हणजे सहा-सात टपऱ्या लागतील. पण गर्दी तर अकराला आणि चारलाच उसळते, मग टपऱ्या जास्त हव्यात. हा शेवटचा ‘पण’ ज्याला सुचतो, तो भाव खाऊन जातो.

तिसरा, आकड्यांचं कोडं. ‘कॅब ॲपवर रद्द होणाऱ्या राइड्स अचानक वाढल्या. काय कराल?’ उपाय सुचवण्याआधी प्रश्न विचारा. कधीपासून? सगळ्या शहरात की एकाच भागात? रद्द प्रवासी करतोय की ड्रायव्हर? पाऊस होता का? ॲपची नवी आवृत्ती आली होती का? ‘कुठे जायचंय?’ असा फोन करून राइड रद्द करणारा ड्रायव्हर ज्यानं अनुभवलाय, त्याला हे कशाला शिकवायला हवं!

चौथा, तुमचे स्वतःचे अनुभव. ॲमेझॉनसारख्या कंपनीत तर १६ ‘लीडरशिप प्रिन्सिपल्स’च्या चौकटीत प्रश्न येतात. इथे ‘आम्ही केलं’ म्हणणारे खूप. ‘मी काय ठरवलं आणि काय चुकलं’ हे सांगणारे कमी. चुकलेला निर्णय लपवू नका, त्यातून काय बदललं ते सांगा.

पुस्तक मिटा, रस्त्यावर या

गेल लाकमन मॅकडॉवेल आणि जॅकी बव्हारो यांचं ‘क्रॅकिंग द पीएम इंटरव्ह्यू’ हे २०१३चं पुस्तक जरूर वाचा. पण तिथेच थांबू नका. मैत्रिणीला मी होमवर्क दिला रामवाडीचा. मार्च २०२४मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत आली. पुढे वाघोलीपर्यंतच्या विस्ताराला केंद्रानं जून २०२५मध्ये मंजुरी दिली. पण आज मेट्रोनं येणारा खराडीकर रामवाडीला उतरून रिक्षा किंवा बसच शोधतो. ही दोन संध्याकाळी स्टेशनबाहेर उभी राहिली, लोकांशी बोलली. परत आली ती वेगळाच चेहरा घेऊन. ‘‘मी रिक्षा बुकिंगचं ॲप काढणार होते गं. एक काकू म्हणाल्या, रिक्षा मिळते. रात्री नऊनंतर एकटीनं बसायची भीती वाटते. माझ्या यादीत हे नव्हतंच!’’

जाता जाता टिप्स

- आपल्या जुन्या कामातली तीन फीचर्स निवडा आणि प्रत्येकाचं ‘कुणासाठी’ एका वाक्यात लिहा.
- उत्तर आरशासमोर नको, मित्रासमोर द्या. त्याला मध्येच अडवायला सांगा.
- नकार आला तर त्याच दिवशी प्रश्न वहीत उतरवून ठेवा.

मैत्रिणीचा चौथा इंटरव्ह्यू येत्या गुरुवारी आहे. काल पुन्हा तोच रिपोर्टचा प्रश्न विचारला. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘‘शाखेतल्या कॅशियरला रोज हिशेब जुळवायला उशिरापर्यंत थांबावं लागायचं. त्याला वेळेत घरी जाता यावं म्हणून.’’

फीचर तेच. या वेळी त्यात माणूस दिसला. ऑल द बेस्ट, यार!