आधी थांबणे, मग धावणे
(रस्त्यावरची स्पोर्ट्स कार ट्रॅकवर नेताना)

मोटारीचा इतिहास बहुधा कारखान्यांचा आणि उद्योगपतींचा इतिहास म्हणून सांगितला जातो. त्याला समांतर असा आणखी एक इतिहास आहे. कारखान्यातून आलेली साधी गाडी विकत घ्यायची, ती आपल्या हातांनी खोलायची, सुधारायची आणि सुटीच्या दिवशी शर्यतीच्या ट्रॅकवर न्यायची, अशा हौशी माणसांचा तो इतिहास आहे. इंग्लंडमध्ये १९२२ साली आलेली ऑस्टिन सेव्हन ही बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांसाठी काढलेली छोटी गाडी होती. अशाच एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून कॉलिन चॅपमन या तरुणाने १९४८ मध्ये आपली पहिली गाडी बांधली आणि पुढे त्यातूनच ‘लोटस’ ही कंपनी उभी राहिली.

आज या परंपरेतील सर्वांत परिचित गाडी म्हणजे जपानच्या माझदा कंपनीची एमएक्स-५. अमेरिकेत तिला ‘मियाटा’ म्हणतात. जुन्या इंग्रजी उघड्या मोटारींचा आदर्श समोर ठेवून बनवलेली ही गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली. दोन आसने, दुमडता येणारे छत, १.६ लिटरचे इंजिन, मागच्या चाकांना मिळणारी गती आणि एक टनाच्या आतले वजन, असे तिचे स्वरूप होते. शक्ती अवघी ११५ अश्वशक्तीच्या आसपास. तरीही २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या तयार झाल्या. हौशी चालकांनी ती मोठ्या प्रमाणावर ट्रॅकवर नेली. म्हणून हीच गाडी उदाहरणादाखल घेऊन, ट्रॅकसाठी गाडीत कोणते बदल करावेत आणि कोणत्या क्रमाने करावेत, हे प्रस्तुत लेखात पाहू.

हा क्रमच महत्त्वाचा आहे. तरुणांचा पहिला विचार इंजिनाची शक्ती वाढवण्याचा असतो. अनुभवी माणसे मात्र इंजिनाला सर्वांत शेवटी हात लावतात.

ब्रेक

यामागे भौतिकशास्त्राचा साधा नियम आहे. वेग दुप्पट झाला की गाडीतील गतिज ऊर्जा चौपट होते. ब्रेक लावताना ही ऊर्जा नाहीशी होत नाही, तिचे उष्णतेत रूपांतर होते. एक हजार किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबवली, तर निर्माण होणारी उष्णता एक लिटर पाणी उकळीपर्यंत नेण्यास पुरेशी असते. रस्त्यावर असा प्रसंग क्वचित येतो. ट्रॅकवर प्रत्येक मोठ्या वळणाआधी तो येतो आणि मध्ये ब्रेक थंड व्हायला वेळ मिळत नाही.

म्हणून पहिला बदल सर्वांत स्वस्त आहे : ब्रेक ऑइल बदलणे. हा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. ‘डॉट ४’ प्रतीचा नवा द्रव किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतो. ओलावा शोषलेल्या द्रवासाठी मात्र ही किमान मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. द्रव उकळला की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचत नाही आणि पॅडल तळाला जाऊन टेकते. त्यानंतर अधिक उष्णता सोसणारे ब्रेक पॅड बसवावेत. शेवटची फेरी सावकाश मारून ब्रेक थंड होऊ द्यावेत आणि गाडी उभी केल्यावर तापलेल्या डिस्कवर हँडब्रेक ओढू नये, हाही याच शिस्तीचा भाग आहे.

टायर, चाके आणि रेडिएटर

गाडी आणि जमीन यांचा संबंध चार टायरांच्या तळहाताएवढ्या पृष्ठभागापुरताच असतो. वळणावर गाडी बाहेर झुकते आणि टायरच्या बाहेरच्या कडेवर भार येतो. म्हणून चाकाचा वरचा भाग दोन-तीन अंश आत झुकवून ठेवतात. वळणावर मग टायरची पूर्ण रुंदी जमिनीला टेकते. टायर तापले की आतील हवेचा दाब वाढतो, त्यामुळे काही फेऱ्यांनंतर तो पुन्हा तपासावा लागतो. जुन्या एमएक्स-५च्या रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने ठिसूळ होते. ती फुटण्याची वाट न पाहता बदललेली बरी.

माणसाचे रक्षण

उघड्या गाडीत समोरच्या काचेची चौकट गाडी उलटल्यास भार पेलेल, असे मानता येत नाही. त्यासाठी आसनांमागे पोलादी रोल बार लागतो. त्याच्या माथ्यापासून काचेच्या चौकटीपर्यंत सरळ काठी धरावी. हेल्मेट घातलेले चालकाचे डोके त्या काठीच्या खाली राहिले पाहिजे. शर्यतीचा अनेक पट्ट्यांचा बेल्ट माणसाला आसनाशी ताठ जखडून ठेवतो. म्हणून रोल बारशिवाय तो बसवणे उलट घातक ठरते. हेल्मेटचीही एक कथा आहे. १९५६ मध्ये पीट स्नेल हा हौशी चालक शर्यतीत डोक्याला इजा होऊन मरण पावला. त्याचे हेल्मेट त्याला वाचवू शकले नाही. पुढच्याच वर्षी त्याच्या नावाने हेल्मेटच्या चाचण्या घेणारी संस्था निघाली. मोटारीसाठी तिचा ‘एसए’ दर्जा पाहावा. त्यात आगीपासून संरक्षणाची चाचणी असते, दुचाकीच्या ‘एम’ दर्जात ती नसते.

इतके झाल्यावर पैसे उरले, तर ते प्रशिक्षकावर खर्च करावेत. नजर कुठे ठेवावी, ब्रेक कधी सोडावा, पिवळा आणि लाल झेंडा दिसताच काय करावे, हे कोणत्याही सुट्या भागासोबत मिळत नाही. कमी शक्तीच्या गाडीत चालकाच्या चुका इंजिनाच्या जोरावर झाकल्या जात नाहीत, म्हणूनच ती शिकण्यासाठी उत्तम.

आपल्याकडे

आपल्या देशातही चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूर आणि ग्रेटर नोएडा येथे ट्रॅक आहेत. ग्रेटर नोएडाचा ट्रॅक गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात असून त्याचे नावच ‘बुद्ध इंटरनॅशनल सर्किट’ आहे. तेथे २०११ मध्ये भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. मात्र मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातील मूळ तपशील बदलतील असे फेरफार रस्त्यावरच्या गाडीत करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्यामुळे वर सांगितलेले सर्वच बदल घरच्या गाडीत करण्याजोगे नाहीत. ब्रेक ऑइल वेळेवर बदलणे, टायर तपासणे आणि पट्टा बांधणे मात्र कोणालाही करता येते.

आपले अनेक माजी विद्यार्थी आज यंत्रांच्या सान्निध्यात काम करतात आणि अनेक पालकांच्या घरी पहिली मोटार आली आहे. सायलेन्सर बदलून रात्री रस्त्यावर वेग आजमावणारी मुले आपल्या वस्त्यांतही दिसतात. यंत्राविषयीचे त्यांचे कुतूहल मोलाचे आहे, ते दडपू नये. त्याला पाना, पुस्तक आणि योग्य जागा मिळवून द्यावी. आणि गाडी किती पळते हे विचारण्याआधी ती किती अंतरात थांबते, हे विचारण्याची सवय त्यांना लावावी.