‘इनसाइड आउट’ लहान मुलांना दाखवावा का?

पालकसभेत हल्ली अभ्यासापेक्षा मोबाइलचे प्रश्न जास्त येतात. किती वेळ द्यायचा, जेवताना द्यायचा की नाही, वगैरे. पण गेल्या वर्षभरात तीन-चार पालकांनी वेगळाच प्रश्न विचारला. "बाई, तो डोक्यातल्या भावनांचा कार्टून पिक्चर आहे ना, तो आमच्या मुलाला दाखवला तर चालेल का?" कुणाचं मूल बालवाडीत, कुणाचं तिसरीत. सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी चित्रपटाविषयी. ‘इनसाइड आउट’ हा पिक्सारचा चित्रपट २०१५ साली आला. दिग्दर्शक पीट डॉक्टर. त्याला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्करही मिळालं. गोष्ट रायली नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीची. वडिलांच्या कामासाठी मिनेसोटा सोडून सगळे सॅन फ्रान्सिस्कोला राहायला जातात. घर नवीन, शाळा नवीन, मैत्रिणी मागे राहिलेल्या. एवढीच बाहेरची गोष्ट. बाकी सगळं घडतं ते रायलीच्या डोक्यात. तिथे पाच जण बसून कारभार चालवतात : आनंद पिवळा, दुःख निळं, राग लाल, भीती जांभळी आणि किळस हिरवी. प्रत्येक आठवण म्हणजे एक चमकती गोटी, आणि ज्या भावनेची आठवण त्या रंगाची.

हे पाच कुठून आले? भावनांचा अभ्यास करणारे पॉल एकमन आणि डॅकर केल्टनर हे दोन मानसशास्त्रज्ञ या चित्रपटाचे सल्लागार होते. एकमन यांच्या प्रसिद्ध यादीत सहा मूळ भावना आहेत, सहावी म्हणजे आश्चर्य. ती चित्रपटात भीतीच्या फार जवळची वाटली म्हणून गाळली. आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायीभाव सांगितले आहेत : रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा, विस्मय. डी.एड.ला असताना पाठ केलेली ही यादी त्या पाचांशी ताडून बघा. हास म्हणजे आनंद धरला तर पाचही त्यात सापडतात! त्यामुळे "हे परदेशी खूळ आहे" असं म्हणणाऱ्या आजोबांना सांगायला आपल्याकडे उत्तर आहे.

आता मूळ प्रश्न. माझं मत असं की सहा वर्षांच्या आतल्या मुलाला हा पूर्ण चित्रपट दाखवू नये. त्यात वाईट काही नाही. शिवीगाळ नाही, मारामारीही नाही. पण गोष्ट ज्या पायावर उभी आहे तो पाया त्या वयात तयार झालेला नसतो. लहान मूल रंग बघतं, पडापडी बघून हसतं, आणि डोक्यात खरोखर पाच माणसं राहतात असं धरून चालतं. माझ्या वर्गात एकाने दुसऱ्याची पाटी फोडली आणि मला शांतपणे सांगितलं, "बाई, मी नाही फोडली, माझ्या डोक्यातल्या लाल माणसाने फोडली." मला हसू आवरेना. पण मुद्दा खरा आहे. राग ही माझीच भावना आहे आणि हात माझाच आहे, हे मोठ्या माणसाने शेजारी बसून सांगितलं नाही तर मूल चित्रपटातून सोयीचं तेवढंच उचलतं.

शिवाय काही प्रसंग लहानग्यांना जड जातात. मनाच्या तळघरातला भला मोठा विदूषक भीतिदायक आहे. रायली आईच्या पर्समधून कार्ड चोरून बसने घर सोडते, तेव्हा डोक्यातलं ते यंत्र करडं पडत जातं आणि कुठलीच भावना चालेनाशी होते. मोठ्यांना तिथे गलबलून येतं. चार वर्षांच्या मुलाला काय चाललंय ते कळत नाही, नुसता धसका बसतो. आणि बिंगबाँग! रायलीने लहानपणी कल्पनेत बनवलेला तो गुलाबी मित्र विस्मृतीच्या खड्ड्यात विरघळून जातो आणि परत येत नाही. मुलं विचारतात, "तो परत कधी येणार?" याचं उत्तर ‘कधीच नाही’ असं आहे, आणि ते द्यायची तुमची तयारी नसेल तर थांबा.

सात-आठ वर्षांपासून मात्र हा चित्रपट जरूर दाखवावा, पण सोबत बसून. कारण त्याचा गाभा शेवटच्या एका गोटीत आहे. रायली घरी परत येते, आईबाबांसमोर रडते, ते तिला जवळ घेतात, आणि एक नवी आठवण तयार होते : अर्धी निळी, अर्धी पिवळी. एकाच वेळी दुःख आणि आनंद. बालमानसशास्त्र सांगतं की अगदी लहान मुलांना हे पटत नाही. ती म्हणतात, आधी रडली, मग हसली. दोन्ही एकदम असू शकतं हे साधारण सात-आठ वर्षांनंतर हळूहळू उमगायला लागतं. कुणाला आधी, कुणाला नंतर.

आपल्या लालबागच्या मुलांना मात्र हे शिकवायला फार लांब जावं लागत नाही. अनंत चतुर्दशीचा दिवस आठवायला सांगा. सकाळी राजा मंडपातून निघतो, श्रॉफ बिल्डिंगपाशी फुलांचा पाऊस पडतो, ढोल-ताशा, गुलाल, मुलं बापाच्या खांद्यावर बसून नाचत असतात. आणि त्याच वेळी आजी पदराने डोळे पुसत असते. दुसऱ्या दिवशी गिरगाव चौपाटीवर विसर्जन होईपर्यंत अर्धा लालबाग जागा असतो, नंतर रस्ता मोकळा मोकळा दिसतो आणि पोटात कसंतरी होतं. तिसरीच्या वर्गात मी कागदावर गोल काढून दिले आणि सांगितलं, त्या दिवसाची गोटी रंगवा. बऱ्याच मुलांनी पिवळी केली. पण सात-आठ जणांनी आपण होऊन दोन रंग वापरले, आणि एका मुलीने पिवळ्यावर इतका निळा घासला की कागद फाटला. ‘मिश्र भावना’ हा शब्द मी फळ्यावर लिहिलाही नव्हता.

या चित्रपटाविषयी आपल्या भागातल्या पालकांशी मला बोलावंसं वाटतं ते आणखी एका कारणाने. रायलीची गोष्ट ही घर बदलण्याची गोष्ट आहे, आणि सध्या लालबाग-परळमध्ये घर बदलणारी मुलं किती आहेत ते हजेरीपट कुठलाही उघडलात तरी दिसेल. चाळ पुनर्विकासाला जाते. कुणी भाड्याचे पैसे घेऊन डोंबिवलीला, कुणी विरारला, कुणी संक्रमण शिबिरात. काही मुलं शाळा सुटू नये म्हणून पहाटे उठून लोकलने येतात आणि पहिल्या तासाला बाकावर पेंगतात. मोठी माणसं चौरस फुटांचा हिशोब करतात, तो करायलाच हवा. पण मुलाचं काय गेलं याचा हिशोब वेगळा असतो. त्याची गॅलरी गेली, शेजारच्या काकूंचं उघडं दार गेलं, गॅलरीतलं क्रिकेट गेलं. त्यावर आपण म्हणतो, "रडतोस कशाला? आता लिफ्टवाली बिल्डिंग मिळणार!"

चित्रपटात नेमकं हेच होतं. रात्री झोपताना आई रायलीला प्रेमानेच सांगते की बाबा ताणाखाली आहेत, तू आपली हसरी राहा. आई दुष्ट नाही, दमलेली आहे. पण त्या एका वाक्याने मुलीची रडण्याची वाट बंद होते आणि पुढचं सगळं त्यातून घडतं. पालकांना मी सांगते, तुम्ही मुलासाठी नका बघू, या एका प्रसंगासाठी स्वतः बघा.

दुसरा असाच प्रसंग बिंगबाँगचा. त्याची आवडती गाडी खड्ड्यात ढकलली जाते आणि तो रडत बसतो. आनंद त्याला गुदगुल्या करते, तोंडं वेडावते, खेळ काढते. काही उपयोग होत नाही. मग दुःख त्याच्या शेजारी जाऊन बसते आणि म्हणते की तुझी आवडती वस्तू गेली, वाईट झालं. तो बोलतो, थोडा रडतो आणि उठून चालायला लागतो. दोन मिनिटांचा प्रसंग आहे. वर्गात रडणाऱ्या मुलाजवळ कसं बसावं हे मला कुठल्याही प्रशिक्षणात इतक्या थोडक्यात कुणी दाखवलेलं नाही.

आता एक फरक ध्यानात ठेवायला हवा. रायलीला स्वतःची खोली आहे, दार लावून बसता येतं. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत मुलाला रडायला कोपराच नसतो. रडलं की चार जण विचारतात, दोघं चिडवतात आणि एक जण चहात बुडवून बिस्कीट देतो. त्यातलं बिस्कीट चांगलं, चिडवणं वाईट. वर्गात चित्रपट दाखवताना "तुमच्या घरी शांत बसायची जागा कुठली?" असं विचारलं तर उत्तरं ऐकण्यासारखी येतात. जिना, पाण्याचं पिंप, माळ्यावर चढायची शिडी.

भाषेचा प्रश्नही आहेच. मूल हा चित्रपट हिंदीत किंवा इंग्रजीत बघणार. बघू दे. पण त्यानंतरचं बोलणं मराठीत व्हावं, कारण आपल्याकडे या बाबतीत श्रीमंती आहे आणि मुलांपर्यंत ती पोचत नाहीये. मुलांना विचारा कसं वाटतंय, उत्तरं दोनच : ‘बोअर झालं’ नाहीतर ‘टेन्शन आलं’. फळ्यावर ‘राग’ लिहा आणि त्याचे भाऊबंद जमवा : रुसवा, फुगवा, चीड, वैताग, त्रागा, संताप. रुसलेला माणूस मनवला तर हसतो, संतापलेला हसेल का? इथे मुलं भांडायला लागतात आणि तास रंगतो. दुःखाचे घ्या : हिरमुसणं, खट्टू होणं, हुरहूर. भीतीचे : बावरणं, दचकणं, भेदरणं, धाकधूक. दुसरीतल्या एका मुलाने ‘हिरमुसणं’ हा शब्द ऐकला आणि म्हणाला, "म्हणजे गावी जायचं रद्द झालं तसं." त्याला व्याख्या देण्याची गरज नव्हती. किळस समजावताना चित्रपटात ब्रोकोली आहे. जपानमधल्या मुलांसाठी तिथे ढोबळी मिरची दाखवली होती. आपण खुशाल कारलं म्हणावं. शेपू म्हटलं तरी चालेल, पूर्ण वर्ग एका सुरात ‘ईईई’ करतो.

ज्यांना मराठीतलंच काही दाखवायचं आहे त्यांना ‘किल्ला’ सुचवेन. योगायोग असा की अविनाश अरुण यांचा हा चित्रपट त्याच जून २०१५ मध्ये प्रदर्शित झाला, आणि त्याचा नायक चिन्मयही अकरा वर्षांचा आहे. वडील गेलेले, आईची बदली झाल्यामुळे पुण्याहून कोकणात आलेला. डोक्यातली माणसं नाहीत, रंगीत गोट्या नाहीत. नुसता पाऊस, समुद्र, सायकली आणि एक गप्प झालेला मुलगा. राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. पण त्याची गती संथ आहे, पहिली-दुसरीची मुलं चुळबुळ करतात. चौथीच्या पुढे मात्र दोन्ही चित्रपट महिन्याच्या अंतराने दाखवा आणि विचारा, चिन्मयच्या डोक्यात त्या पाचांपैकी कोण बसलं असेल? मित्र त्याला पावसात किल्ल्यावर एकटा सोडून निघून जातात, त्या जागी थांबवून विचारलं तर फार छान उत्तरं येतात.

काही पालक म्हणतात, मुलांना रडवणारं दाखवायचंच कशाला? त्यांना मी ‘श्यामची आई’ची आठवण करून देते. १९५३ पासून आपण तो चित्रपट शाळाशाळांतून मुलांना दाखवत आलो आणि सगळे मिळून रडत आलो. तेव्हा कुणी योग्य-अयोग्य विचारलं नाही. फरक इतकाच, की तो सगळ्यांनी एकत्र बघितला जायचा. आजचा चित्रपट मूल मोबाइलवर, कानात इअरफोन घालून, एकटं बघतं. माझी खरी हरकत त्याला आहे.

दाखवायचा ठरला तर थोडं व्यवहाराचं. चित्रपट दीड तासाचा आहे, वर्गात तो एका दमात दाखवू नका. पहिल्या दिवशी शाळेतल्या पहिल्या दिवसाच्या प्रसंगापर्यंत, जिथे रायली स्वतःची ओळख करून देताना रडते. तिथे थांबा आणि मुलांना त्यांचा शाळेतला पहिला दिवस सांगू द्या. त्यात तास सहज जातो. उरलेलं दोन दिवसांत. ज्या मुलाच्या घरी नुकतंच कुणी गेलं आहे किंवा घर रिकामं करायचं चाललं आहे, त्याच्या पालकांशी आधी बोलून घ्या आणि तो कुठे बसणार ते तुम्ही ठरवा, शक्यतो तुमच्या जवळ. रडला तर दिवे लावू नका, सगळा वर्ग वळून बघतो.

आणि २०२४ मध्ये आलेला दुसरा भाग? त्यात रायली तेरा वर्षांची झाली आहे आणि डोक्यात चिंता, हेवा, कंटाळा, ओशाळलेपण अशी नवी मंडळी येतात. शेवटी खेळाच्या मैदानावर चिंता इतकी वाढते की तिची छाती धडधडते, श्वास लागतो. ते चित्रण फार खरं आहे, म्हणूनच प्राथमिकच्या लहान वर्गांना नको. पाचवीच्या पुढे, शक्यतो परीक्षेच्या महिनाभर आधी, परीक्षेच्या आठवड्यात नको.