वलुरकाचे दाते, एकवीरेचे भक्त

चैत्र शुद्ध सप्तमीला कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरा आईची पालखी निघते. रायगड, ठाणे आणि मुंबईचे कोळीवाडे, आगरी गावे त्या दिवशी मावळात लोटतात. त्याआधी पायथ्याच्या देवघरात देवीच्या भावाची, काळभैरवनाथाची यात्रा होते, कारण भावाला भेटल्याशिवाय बहिणीकडे जायचे नाही अशी रीत. कोळ्यांबरोबर चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंचीही ही कुलस्वामिनी. नवस फेडायला, ओटी भरायला, लग्नानंतर जोडप्याने पाया पडायला वर्षभर माणसे चढत असतात.

वर पोचल्यावर देवळाला खेटून कातळात एक भलीमोठी कमान दिसते. ते बौद्ध भिक्खूंचे चैत्यगृह. पुण्याहून लोकलने मळवलीला उतरून सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी सहज घरी परततो. पण बहुतेक जण या दोन्हींपैकी एकच पाहून येतात. दर्शनाला आलेल्यांना लेणे वाटेवरचे वाटते आणि लेणे बघायला आलेल्यांना दर्शनाची रांग अडचणीची. मला हे फार चुकीचे वाटते. हा डोंगर नीट कळायचा, तर दोन्ही एकत्रच पाहायला हवीत.

लेण्यातील शिलालेखांत या जागेचे नाव वलुरक असे येते. मुख्य चैत्यगृह साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचे. लांबी सुमारे 38 मीटर, उंची सुमारे 14 मीटर. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब, पायाशी घट आणि माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती, त्यांवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. स्तूपामागे सात साधे अष्टकोनी खांब. वर पाहिले की छताच्या कमानीला लाकडी फासळ्या दिसतात. छत दगडाचे असल्याने त्यांना पेलायला काहीच नाही. पण लाकडी सभागृहांची सवय असलेल्या कारागिरांना त्यांच्याशिवाय छत पुरे वाटले नसावे. स्तूपावरचे छत्रही लाकडीच. मावळातला पाऊस ज्याने अनुभवला आहे, त्याला दोन हजार वर्षांच्या या लाकडाकडे पाहताना आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही.

हे सगळे कोणी एका राजाने उभारलेले नाही, आणि मला सर्वांत मोलाचे वाटते ते हेच. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीचा, भूतपाल नावाचा श्रेष्ठी हे शैलगृह आपण पूर्ण करवल्याचे सांगतो आणि जंबुद्वीपात ते सर्वोत्तम असल्याचेही अभिमानाने कोरून ठेवतो. बाहेरचा सोळा पैलूंचा सिंहस्तंभ अग्निमित्रणक या महारठीचा. मात्र आत शिरले की दात्यांची यादी खाली उतरत सामान्य माणसांपर्यंत येते. धेनुकाकट गावच्या सिंहदत्त या गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याने, दाराचे दान दिले. त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराने दाराचे काम केले आणि आपल्या बापाचे नावही सोबत लिहवून घेतले. घुणिकाची आई असलेल्या एका भिक्खुणीने वेदिकेची नक्षी दिली. ती कोरणाऱ्या नंदिकाचे नाव तिच्या नावाशेजारी आहे. सोपाऱ्याच्या एका धर्मप्रवचनकाराने दिलेल्या खांबात शरीरधातू ठेवल्याची नोंद आहे. धेनुकाकटच्या यवनांनी, म्हणजे ग्रीक मानल्या जाणाऱ्या परदेशी लोकांनी, तर अनेक खांब दिले. सिहधय, यसवधन, धम्म ही त्यांची नावे पुरती इथली होऊन गेलेली. कल्याण, सोपारा, चौल या बंदरांतला माल बोरघाट चढून देशावर जाई, आणि त्या वाटेवरची कमाई अशी कातळात उतरली.

हे धेनुकाकट कुठले, यावर अभ्यासकांचा बराच वाद झाला. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ते कार्ल्याच्या परिसरातच शोधले. गोव्यात जन्मलेले, पुण्यात राहणारे हे गणिती नोकरीसाठी डेक्कन क्वीनने मुंबईला जात. गाडीतून दिसणाऱ्या या डोंगरांत ते पायी हिंडले. लेणी आणि देवीची ठाणी जुन्या वाटांच्या सांध्यावर एकत्र का सापडतात, हा त्यांचा प्रश्न होता. भिक्खू येण्याआधीही या वाटांवर मातृदेवता होत्या आणि भिक्खू गेल्यावरही त्या राहिल्या, असे ते मांडतात. कोळी भाविक आतल्या स्तूपालाही देवीचेच रूप मानतात, हे त्यांनी आवर्जून नोंदवले. सिंहस्तंभाच्या जोडीचा दुसरा स्तंभ जिथे असायला हवा, साधारण तिथेच आज एकवीरेचे देऊळ आहे.

म्हणूनच पुरातत्त्वाचे फलक आणि देवळाची व्यवस्था यांनी एकमेकांकडे पाठ फिरवू नये असे मला मनापासून वाटते. लग्नानंतर ओटी भरायला आलेल्या जोडप्याला त्या सुताराचे, त्या भिक्खुणीचे नाव सोप्या मराठीत वाचायला मिळाले, तर ते परके वाटणार नाही. आपल्या कमाईतला वाटा या डोंगराला द्यायला तेही आले होते आणि हेही आले आहेत.

जाणार असाल तर दुपारनंतरही थांबा. चैत्यगृहाचे तोंड पश्चिमेला आहे. उतरते ऊन कमानीतून आत येते आणि खांबांवरची जोडपी उजळतात. मग कडेचे विहार, भिक्खूंच्या खोल्या आणि पाण्याच्या टाक्या पाहा. पावसाळ्याचे महिने भिक्खूंनी एका जागी काढायचे असत, आणि त्या मुक्कामाच्या निर्वाहासाठी नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने करजिक गाव वलुरकाच्या संघाला दिल्याचा लेख इथे आहे. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. त्यानंतरचा एक सातवाहन लेखही इथेच कोरलेला आहे. तो गौतमीपुत्राचाच मानला जातो. मामाल प्रांताच्या, म्हणजे मावळाच्या, अमात्याला त्यात आज्ञा आहे: करजक गाव वलुरकाच्या भिक्खूंना द्यावे.