हातगुण पाहा, पण आधी नीती पाहा



ऐन सुगीत घरचा कर्ता माणूस अंथरुणाला लागला म्हणजे काय होते, हे शेतकऱ्याच्या घराला सांगावे लागत नाही. समजा, जिंतूर तालुक्यात पूर्णाकाठच्या एखाद्या गावी ज्वारीची काढणी तोंडावर आली आहे आणि घरधन्याच्या डाव्या अंगावरून वारे गेले. लगेच दवाखान्यात नेले म्हणून जीव वाचला. पण घरी आणले तेव्हा हात उचलत नव्हता, पाय टाकवत नव्हता. डॉक्टर म्हणाले, "आता गोळ्यांबरोबर व्यायामही तितकाच महत्त्वाचा. फिजिओथेरपी करून घ्या."

आता घरात बोलणे सुरू होते. हे करतो कोण? परभणीला रोज एस.टी.ने न्यायचे, तर बरोबरच्या माणसाचाही रोज बुडणार. तूर विकून आलेले पैसे किती दिवस पुरतील? आणि माणूस भरवशाचा आहे, हे ओळखायचे कसे?

बैल घेताना आपण दात पाहतो, चाल पाहतो. बियाणे घेताना पिशवीवरची खूण पाहतो. मग ज्याच्या हाती घरच्या माणसाचे अंग सोपवायचे, त्याला चार गोष्टी विचारताना संकोच कशाला?

हा प्रश्न जुनाच आहे

फिजिओथेरपीला मराठीत भौतिकोपचार म्हणतात. व्यायाम, हाताने करून घेतलेली हालचाल, शेक आणि विजेची यंत्रे यांनी दुखणे कमी करायचे व अंगाची गेलेली ताकद परत मिळवायची, असे हे शास्त्र आहे. ही नुसती मालिश नव्हे.

१८९४ साली लंडनमध्ये मालिशच्या नावाखाली भलतेच धंदे चालतात असा बोभाटा झाला, तेव्हा प्रामाणिकपणे काम करणाऱ्या चार परिचारिका पुढे आल्या. त्यांनी आपली संस्था काढली आणि आधी स्वतःलाच नियम घालून घेतले. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय उपचार करायचा नाही, रोग्याला औषधे विकायची नाहीत, वर्तमानपत्रांत जाहिरातबाजी करायची नाही. आपल्याकडे १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विद्येचे शिक्षण सुरू झाले. पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांना पायावर उभे करण्याची निकड त्यामागे होती. ज्या धंद्यात दुसऱ्याच्या अंगाला हात लावायचा, त्यात विद्येइतकीच नीती लागते. म्हणून पुढील खुणा ध्यानात ठेवा.

नोंदणी विचारा. चार वर्षांहून अधिक काळ शिकून ही पदवी मिळते. महाराष्ट्रात यासाठी २००२ चा कायदा असून व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी होते. २०२१ साली संसदेनेही अशा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. "साहेब, तुमची नोंदणी आहे का?" असे विचारल्याने सच्चा माणूस रागावत नाही. नोंदणी असलेल्याने गैरवर्तन केले, तर परिषदेकडे तक्रार करता येते.

आधी तपासतो, मग हात लावतो. दुखणे कधीपासून, साखरेचा आजार आहे का, काम कोणते, हे तो विचारतो. आपल्या आवाक्याबाहेरचे असेल तर डॉक्टरांकडे पाठवतो. कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा गेला, पायातली ताकद उतरली किंवा जांघेत बधिरपणा आला, तर व्यायाम करत बसायचे नाही, तडक दवाखाना गाठायचा. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली तर ती चोळायची नाही. हे जो सांगतो, तो हातातले गिऱ्हाईक जाईल म्हणून गप्प बसत नाही.

परवानगी घेतो, मर्यादा पाळतो. कापूस वेचून, खुरपून पाठ धरलेली सून लाजेने दुखणे अंगावर काढते. चांगला उपचार करणारा कुठे व का हात लावणार हे आधी सांगतो, लागेल तेवढेच अंग उघडे ठेवतो आणि घरातली बाई सोबत बसू देतो. "नको" म्हटले की थांबतो. घरातली गोष्ट बाहेर सांगत नाही, मग विचारणारा गावचा पुढारी का असेना.

खोटी आशा लावत नाही. "आठ दिवसांत पळायला लावतो," असे म्हणणाऱ्यापासून सावध राहा. वारे गेल्यावर पहिल्या काही महिन्यांत सुधारणा झपाट्याने होते, म्हणून व्यायामाला उशीर करू नये. पण किती सुधारेल याची हमी कोणालाच देता येत नाही. सच्चा माणूस किती खेपा, किती खर्च आणि काय साधेल, हे पहिल्याच दिवशी सांगतो.

शिकवून मोकळा करतो. ही सगळ्यांत मोठी खूण. खेपेगणिक पैसे मिळत असताना खेपा कमी करायच्या, यात त्याची खरी कसोटी आहे. जिंतूरहून दूरच्या गावात राहणाऱ्याला रोज येणे जमणार नाही, हे ओळखून तो घरच्यांना व्यायाम शिकवतो, आपल्यासमोर करून घेतो आणि मग अमुक दिवसांनी या म्हणतो. लुळा हात ओढून रोग्याला उठवू नका, पडून असलेल्याची कूस दर दोन तासांनी बदला, बधिर कातडीवर गरम शेक देऊ नका, या गोष्टी तो बायकोला आणि मुलाला शिकवतो. ज्याला आपली गरज लवकर संपावी असे वाटते, त्याच्यावर खुशाल विश्वास ठेवा.

आपलेही काही देणे आहे

विश्वास एका हाताने होत नाही. दिलेला व्यायाम न करता "केला" म्हणू नका. मागाहून दुसरीकडे हाड ओढून घेतले असेल तर ते लपवू नका. पैशाची अडचण असेल तर स्पष्ट सांगा, तो खेपा बेताने आखून देईल. सरकारी दवाखान्यात ही सोय कुठे मिळेल, याची तिथल्या डॉक्टरांकडे आधी चौकशी करा.

आणि मंडळी, तोंड वाकडे झाले, बोबडी वळली किंवा एका बाजूचा हात-पाय गळला, तर तेल चोळत वेळ घालवू नका. त्याच घटकेला दवाखाना गाठा. व्यायाम त्यानंतरचा.

आपण म्हणतो, अमक्याला हातगुण आहे. असेलही. पण ज्या हातामागे विद्या आहे, लाज आहे आणि खरे बोलण्याची हिंमत आहे, तो हात आपल्या माणसाला परत बांधावर उभे करण्यासाठी मनापासून झटतो. असाच हात शोधा, आणि विचारताना संकोच करू नका.