काळ्या जमिनीतील घराचा पाया
दख्खनच्या पठारावर बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेली काळी कापसाची जमीन पिकाला मानवते, पण घराला जाचते. कारण तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणमातीचे खनिज पावसाळ्यात पाणी शोषून फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि या हालचालीमुळे भिंतींना तिरप्या भेगा पडतात. म्हणून अशा जागेवरील झाडेझुडपे मुळांसकट काढून आखणी, म्हणजे भिंतींच्या रेषा चुन्याने जमिनीवर उमटवण्याचे काम, झाल्यावर पायाचे चर काळी माती ओलांडून मुरुमापर्यंत, म्हणजे अर्धवट झिजलेल्या खडकाच्या घट्ट थरापर्यंत, खणले जातात. चराच्या तळाशी साध्या काँक्रीटचा थर देऊन त्यावर पाया उभारतात. जोत्यात, म्हणजे जमिनीपासून फरशीपर्यंतच्या भागात, उकरलेली काळी माती पुन्हा न भरता मुरूम थराथराने पसरून, पाणी मारून धुमसाने ठोकतात.

काळ्या मातीचा थर फारच खोल असल्यास रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाजवळ कंदासारखे फुगवलेले काँक्रीटचे खांब जमिनीत साधारण ३.५ मीटर खोल ओततात, कारण तेथे ऋतूंनुसार ओलावा फारसा बदलत नाही. या खांबांवरील तुळयांखाली मात्र माती फुगण्यासाठी पोकळी राखावी लागते.